मयताच्या घरचं क्रीमचीज

घरमालकीण मावशी कडीचा स्टीलचा डबा घेऊन फाटकातून बाहेर पडल्या, की केडगावच्या आमच्या गल्लीत एकच प्रश्न असायचा, "कोण गेलं?" किराणावाला हातातली पुडी अर्धवट बांधून थांबायचा. ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या बायका माना वर करायच्या. मावशी न थांबता सांगायच्या, "पल्याडच्या गल्लीतलं म्हातारं." त्यावर कुणी "सुटलं बिचारं" म्हणालं, तर मात्र त्या गर्रकन वळायच्या. "सुटलं का न्हाई, ते त्याला इचारलं व्हय तुमी?" एवढं ऐकवून पुन्हा चालू लागायच्या. त्यांची पाठ फिरली की बायका डोक्याजवळ बोट फिरवून एकमेकींना दाखवायच्या.

मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. मी मूळची श्रीरामपूरजवळच्या बेलापूरची. नगरला एका लॅबमध्ये रक्त काढण्याची नोकरी लागली आणि पुणे रोडवर रिक्षा पटकन मिळते म्हणून केडगावात खोली बघितली. खोली दाखवताना मावशींनी माझं लग्न, माझा पगार, माझं आडनाव, काही म्हणजे काही विचारलं नाही. "तुझ्या घरातलं कोन गेलंय का?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, आजोबा गेले, पण मी तेव्हा लहान होते. त्या म्हणाल्या, "मंग ऱ्हा. पर दूध उतू जाऊ देऊ नको. दूध वाया गेल्यालं मला बघवत न्हाई." ही बाई थोडी सरकलेली आहे हे मी त्याच दिवशी ओळखलं. खोली हवेशीर होती म्हणून राहिले.

आमच्या भागात मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारीपाजारी, सोयरेधायरे पिठलं-भाकरी नाहीतर आमटी-भात करून नेतात आणि घरच्यांना आग्रह करून चार घास खायला लावतात. त्याला कडू घास म्हणतात. मावशीही न्यायच्या, पण त्यांचा कडू घास क्रीमचीजचा असायचा. होय, क्रीमचीज. पुण्याच्या मोठ्या दुकानात काचेच्या कपाटात पांढऱ्या डब्यात मिळतं, तेच. शेवगावकडच्या, डोक्यावरचा पदर न ढळू देणाऱ्या बाईच्या तोंडी तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी फिसकन हसले. मावशी मात्र चटणी-कोशिंबीर म्हणावं तितक्या सहज म्हणायच्या, "जरा थांब, क्रीमचीज टांगून येते."

कृती अगदी सोपी होती. खबर आली की त्या कोपऱ्यावरच्या दूध केंद्रावरून किटली भरून आणायच्या. दूध तापवायच्या, उकळी येता येता गॅस बारीक करायच्या आणि लिंबाचा रस चमच्याने सोडायच्या. दूध फाटून हिरवट पाणी वेगळं झालं की धुतलेल्या पंच्यात गाळायचं, वरून गार पाणी ओतून लिंबाचा आंबटपणा काढून टाकायचा, पुरचुंडी पिळून नळाला टांगायची. निथळलं की मिक्सरमध्ये मीठ आणि थोडी साय घालून फिरवायचं, अगदी लोण्यासारखं होईपर्यंत. मग त्यात हिरव्या मिरचीचा ठेचा, ठेचलेला लसूण, भाजलेल्या जिऱ्याची पूड, कोथिंबीर. हे सगळं मऊ चपातीवर पसरून तिची घट्ट गुंडाळी करायची, वाळक्या कडा कापून टाकायच्या आणि दोन बोटांएवढे तुकडे करून डब्यात रचायचे.

"एवढेसेच का हो, मावशी?" मी एकदा विचारलं.

"चावा घ्यावा लागला की मानसाला कळतं आपुन खातोय. मंग त्याचं त्यालाच लाज वाटती, आन तोंड बंद हुतं."

असे त्यांचे बरेच कायदे होते. मयताच्या घरी ताट वाढायचं नाही, ताट बघितलं की राहिलेली भूकही मरते. फोडणी द्यायची नाही, फोडणीचा वास सणाचा असतो. "जेवा" म्हणायचं नाही. "झालं ते झालं" तर मुळीच म्हणायचं नाही. पिठलं-भाकरीशी त्यांचं वैर नव्हतं, पण त्या म्हणायच्या, "भाकरी टोचती. रडून रडून घसा बारीक झाल्याला असतो. ह्येला चावायला नगं, गिळायला नगं. आपसूक उतरतं." डब्याला कडी लावण्याआधी भांड्याच्या तळाशी राहिलेलं क्रीमचीज त्या बोटाने पुसून घ्यायच्या, जिभेवर ठेवायच्या, डोळे मिटायच्या आणि मान हलवायच्या. "तसं न्हाई." दर वेळी हेच. मला वाटायचं, मीठ-बिठ कमी पडत असेल.

समोरच्या घरातल्या काकूंना हे अजिबात पटायचं नाही. काकू एसटीतून रिटायर झालेल्या ड्रायव्हरच्या बायको. स्वभावाने वाईट नव्हत्या. माझ्या खोलीतला बल्ब गेला तर स्वतःहून नवऱ्याला वर पाठवायच्या. पण दूध नासणं त्यांच्या लेखी अपशकुन, आणि मावशी तर मुद्दाम दूध नासवून ते मयताच्या घरी नेत होत्या.

"अगं, काही रीतभात हाय का न्हाई?" फाटकावर उभ्या राहून काकू म्हणायच्या. "दुखवट्याच्या घरात नासकं दूध न्यायचं?"

"बाई, त्या घरात नासायचं काय ऱ्हायलंय आता?" मावशी म्हणायच्या.

काकू दाण दाण पाय आपटत आत जायच्या. पण संध्याकाळी कढीपत्ता मागायला यायच्याच.

मावशींच्या डब्याची दहशत अशी होती, की पलीकडच्या चौकात एका साखरपुड्याला त्या तोच डबा घेऊन गेल्या आणि मांडवाच्या तोंडाशीच गोंधळ उडाला. त्या दिवशी डब्यात क्रीमचीज भरून तव्यावर भाजलेल्या लांब मिरच्या होत्या. शुभ कार्य म्हणून वरून फोडणीचं तेलसुद्धा सोडलं होतं. पण डबा बघताच नवरीची आत्या मटकन खुर्चीत बसली आणि ओरडली, "कोण गेलं गं?" दोघीतिघींनी फोन काढून गावाकडे लावले. सगळे सुखरूप आहेत हे कळल्यावर लोक हसले, पण मिरचीला कुणी हात लावला नाही. मावशी डबा तसाच परत घेऊन आल्या आणि माझ्या दारात ठेवला. मी एकामागून एक खात सुटले. बाहेरून कुरकुरीत, आत गार, मऊ, खारट, आणि मग सावकाश येणारा तिखटाचा झटका. इतकं चांगलं काही मी त्या वर्षात खाल्लं नव्हतं.

"तुम्ही पण घ्या ना, मावशी."

"मी कशी खाऊ? आज कोन गेलंय व्हय?"

मला तो विनोद वाटला. मी तोंडात मिरची घेऊन हसले.

तो विनोद नव्हता हे पुढे कळत गेलं. मावशी घरी जेवत नसत. सकाळी चहात बुडवून अर्धी खारी, दुपारी पुन्हा चहा. स्वयंपाक मात्र रोज व्हायचा, भाजी, चपाती, वरण, सगळं. झाकून ठेवायच्या आणि संध्याकाळी गल्लीतल्या गाईसमोर नेऊन ठेवायच्या. त्यांचं ब्लाऊज खांद्यावरून घसरायचं, तिथे त्या सेफ्टीपिन लावायच्या. माझं काम रक्ताचं, फिकट पापण्या मला लांबून कळतात. मी म्हटलं, एकदा रक्त तपासू. त्या म्हणाल्या, "आगं, हाय ते बी काढून नेशील."

एका रविवारी मी त्यांच्याबरोबर गेले. जवळच्याच एका घरातला कर्ता माणूस हार्ट अटॅकने गेला होता. अंत्यसंस्कार उरकून लोक परतले होते. बायकोला मधे घेऊन बायका बसल्या होत्या, रडण्याचा नुसता कल्लोळ. मला वाटलं मावशी तिच्याजवळ बसतील. त्या सरळ त्या घोळक्याला वळसा घालून शेजारच्या घरात शिरल्या. चूल पेटत नाही म्हणतात, पण आल्यागेल्यांचा चहा कुठेतरी होतच असतो. तिथे ओट्याशी एक बाई चहा करत होती, गाळत होती, कप भरत होती, रिकामे कप विसळत होती. गेलेल्या माणसाची थोरली बहीण. तिचे डोळे कोरडे होते.

"रडनारीला धा जनी धरत्यात," मावशी मला पुटपुटल्या. "चा करनारी उपाशी असती."

त्यांनी गॅस बंद केला, बहिणीच्या हातातली गाळणी काढून घेतली आणि त्या हातात गुंडाळीचा एक तुकडा ठेवला. बाई त्या तुकड्याकडे बघत राहिली. मग तिने तो तोंडात टाकला. मग दुसरा. तिसरा तोंडात असताना तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती मोठ्याने, लहान मुलासारखी रडायला लागली. आणि मी बघितलं, मावशी तिच्या शेजारी उभ्या राहून खात होत्या. डब्यातून एक तुकडा तिला, एक स्वतःला. भुकेल्या माणसासारख्या भराभरा खात होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाक पदराला पुसत होत्या आणि पुन्हा तुकडा घेत होत्या. मी त्यांना कधी जेवताना बघितलंच नव्हतं. मला आतून भीतीच वाटली.

घरी येताना मी स्पष्टच विचारलं. माझा स्वभावच तसा आहे, पोटात काही राहत नाही. "मावशी, तुम्ही फक्त मयताच्या घरी जेवता का?"

त्या फाटकाची कडी लावत होत्या. म्हणाल्या, "तितंच उतरतं."

मग पायरीवर बसून त्यांनी लेकीचं सांगितलं. एकुलती एक. पुण्याला नोकरीला होती, मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेऊन राहायची. तापाचं निमित्त झालं. मावशी दवाखान्यात पोचल्या तेव्हा बोलण्यापलीकडे गेली होती. इथे आणलं, सगळं झालं, कडू घास आला, पिठलं आलं, भाकरी आली. "तोंडात घातली, पर घास आत जाईना. बायका पाठ चोळायच्या, पानी द्यायच्या. बाहीर यायचा." मग लेकीचं सामान आणायला त्या पुण्याच्या फ्लॅटवर गेल्या. कपडे, चपला, उशी बांधून झाली. फ्रिज उघडला तर तिचं नाव चिकटवलेला एक पांढरा डबा. आत पांढरंशुभ्र काहीतरी. मैत्रीण म्हणाली, क्रीमचीज आहे, काकू, ती चपातीला लावून मिरची-लसूण घालून डब्यात न्यायची. लेकीने एका कोपऱ्यातून सुरीने काढून घेतलेलं होतं. कापल्याची खूण तशीच होती, सरळ, गुळगुळीत.

"मी तितंच फरशीवर बसले," मावशी म्हणाल्या, "आन बोट घातलं. तिच्या कोपऱ्यात न्हाई, दुसरीकडं. तेवढं उतरलं बघ. पंधरवड्यात पयल्यांदा काही उतरलं."

तो डबा त्यांनी बर्फात घालून केडगावला आणला. रोज बोटभर खायच्या, खुणेपासून लांब. खूण मोडू द्यायची नाही म्हणून. शेवटी त्या खुणेवरच बुरशी आली. डबा टाकून द्यावा लागला. मग कुणाकुणाला विचारून त्या घरी करायला शिकल्या, पण करून समोर ठेवलं की घास पुन्हा अडायचा. एकदा शेजारी कुणी गेलं, त्या डबा भरून घेऊन गेल्या आणि तिथे त्या घरच्या बाईबरोबर दोन तुकडे गेले. तेव्हापासून हे असं.

मला चीडच आली. कशाची, ते नक्की सांगता यायचं नाही. मी म्हटलं, "मग कुणी गेलंच नाही तर?"

"रोज कुनीतरी जातंय की गं, पोरी," त्या म्हणाल्या.

मग समोरचे काका गेले. सकाळी नळाखाली बादली लावायला उठले आणि तिथेच बसले ते बसलेच. माझा बल्ब बदलणारा माणूस. गल्ली सगळी काकूंच्या अंगणात. मी लॅबमधून सुट्टी घेतली. मावशींच्या घरात मिक्सर फिरायला लागला तेव्हा मी खाली जाऊन म्हटलं, "मावशी, तिथे नका नेऊ. काकूंना चालत नाही. साधं पिठलं न्या."

त्यांनी ऐकलं नाही. काकू त्यांचं रोजचं माणूस, त्यांना उपाशी ठेवून मावशी कशा राहणार होत्या! त्यांनी त्या दिवशी लसूण कमी घातला, काकूंना लसूण बाधतो म्हणून. कडा नेहमीपेक्षा जास्त कापल्या. बोट पुसून चाखलं, "तसं न्हाई" म्हणाल्या आणि निघाल्या.

काकू रडत नव्हत्या. कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. मावशी समोर बसल्या, डबा उघडला आणि एक तुकडा त्यांच्या हातात ठेवला. काकूंनी आधी हाताकडे बघितलं, मग डब्याकडे. आणि त्यांनी डबाच उडवला. तुकडे अंगणभर झाले.

"आलीस का माझ्या बी दारात? आलीस?" त्या किंचाळल्या. "डबा घासून पालथा घालून ठेवतीस. रोज बघती मी खिडकीतनं. कुनाच्या मरनाची वाट बघत बसतीस गं? माझ्या मालकाची बघत हुतीस? घे, मिळालं तुला! खा आता पोटभर!"

कुणीतरी काकूंना धरलं. दुःखातला माणूस काहीही बोलतो, सगळ्यांना माहीत असतं. मावशींनाही माहीत होतं. त्या गुडघ्यांवर बसून तुकडे गोळा करत राहिल्या. मातीला लागलेले, पायाखाली चिरडलेले, एक एक उचलून डब्यात. मी मदत करायला वाकले तर माझा हात बाजूला केला. मग कडी लावून घरी आल्या. मी मागोमाग. त्यांनी डबा गाईसमोर रिकामा केला, घासला आणि या वेळी पालथा घातला नाही. माळ्यावर टाकून दिला.

त्यानंतर गल्लीत कुणी गेलं तरी मावशी उठल्या नाहीत. मी सांगायचे, मावशी, चौकातल्या आजी गेल्या. मावशी, नव्या कॉलनीत एक तरुण पोरगा गेला, त्याची आई कुणाचंच ऐकत नाही. त्या खाटेवर पडून वरच्या पंख्याकडे बघत राहायच्या.

"जा ना, मावशी. बाकी कुणाला जमत नाही ते."

"ती खरं बोलली," मावशी म्हणाल्या. "मी वाट बघत हुते."

"काहीतरीच काय."

"खरंच. सकाळी उठल्यावर पयला इचार त्योच यायचा. आज कोन जाईल. कुनी गेलं की माझ्या पोटात भूक लागायची. आसं मानूस आसतंय व्हय? सांग तू. आसं कुनी आसतंय?"

मी बरंच काही बोलले. तुम्ही किती जणींना जगवलं, ती बहीण आठवते का, वगैरे. त्या ऐकून घ्यायच्या. माझ्या शब्दांचा काडीचाही उपयोग होत नव्हता आणि ते मला बोलतानाच कळत होतं.

मग मी करायला लागले. लॅबमधून येताना दूध आणायचे, लिंबू पिळायचे, पंच्यात टांगायचे. गुंडाळ्या केल्या. त्या नको म्हणाल्या तर गरम मऊ भातात मीठ-मिऱ्यांबरोबर कालवून दिलं. उकडलेल्या बटाट्यात कुस्करून त्याचे गोळे केले, तव्यावर शेकले. टोमॅटोच्या सारात घोटून दाट करून पाजायला बघितलं. प्रत्येक वेळी मावशी बोटाला लावून जिभेवर ठेवायच्या, डोळे मिटायच्या. मी श्वास रोखून बघत बसायचे.

"तसं न्हाई."

एकदा मला राग आवरला नाही. मी म्हटलं, "मावशी, तसं आता होणारच नाही! तुम्हाला समजत कसं नाही?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना समजत होतं. माझ्यापेक्षा फार आधीपासून समजत होतं.

तरीही मी नगरच्या एका मोठ्या दुकानातून तोच पांढरा डबा आणला. लेकीच्या मैत्रिणीने सांगितलेलं कंपनीचं नाव मावशींच्या लक्षात होतं. मला वेडी आशा होती. मावशी उठून बसल्या, डबा मांडीवर घेतला, वरचा कागद सोलला. आत एकसारखं, सपाट, पांढरं. मी चमचा पुढे केला.

"ह्येला कुनी हातच लावला न्हाई," त्या म्हणाल्या, आणि कागद होता तसा दाबून बसवला.

मी काय करायला हवं होतं? एका कोपऱ्यातून सुरीने कापून द्यायला हवं होतं? मी सुरी आणलीसुद्धा. पण माझा हात चालला नाही. मी त्यांची लेक नव्हते. खोलीत भाड्याने राहणारी बाई होते.

काकू मधे एकदा आल्या. दारात उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. "अगं, मी बोलले ते मनाला लावून घेऊ नको," म्हणाल्या. मावशींनी हात वर करून खूण केली, बस म्हणून. काकू बसल्या नाहीत. दोघीही वाईट नव्हत्या. पण बोललेलं तसंच पडून राहिलं आणि ते उचलायला कुणाला जमलं नाही.

पुढचं मला लांबवायचं नाही. दवाखान्यात सलाईन लावलं, नळी घातली, मावशींनी ती उपसून टाकली. शेवगावहून पुतण्या आला. बिचारा चांगला होता, त्याला काही माहीत नव्हतं. मावशी गेल्या त्या सकाळी त्यांना घरी आणलं. पुतण्याच्या बरोबर आलेल्या लोकांना मी वरून चहा करून पाठवत होते. रिकामे कप वर यायचे, मी विसळायचे, पुन्हा भरायचे. दुपारी त्यांना शेवगावलाच न्यायचं ठरलं, शेतात, त्याच्या चुलत्याच्या, म्हणजे मावशींच्या मालकांच्या शेजारी. गाडी निघाली. पुतण्याने दाराला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याकडे न देता बरोबर नेली. देण्याचं त्याला सुचलंही नसेल.

मी कोपऱ्यावर जाऊन दूध आणलं. केंद्रावरच्या माणसाने किटली भरताना काही विचारलं नाही. लिंबू पिळलं, दूध फाटलं, पंच्यात बांधलं. मिरची, लसूण, जिरं. कडा कापल्या. त्यांचा डबा कुलुपाच्या आत माळ्यावर राहिला होता म्हणून माझ्या टिफिनमध्ये रचलं आणि खाली आले. मावशींच्या पायऱ्या चढले आणि दारासमोर उभी राहिले तेव्हा लक्षात आलं. आत कुणीच नव्हतं. घास देतात तो मागे राहिलेल्यांना. मावशींच्या मागे घरात द्यायला कुणीच राहिलं नव्हतं. कुलूप बघत मी तशीच उभी राहिले, टिफिन घेऊन.

"कुनाला आनलंय?" मागून काकूंचा आवाज आला. त्या रस्ता ओलांडून फाटकाशी आल्या होत्या. त्यांच्याही हातात झाकलेली थाळी होती. पिठल्याचा वास मला ओळखू आला.

"माहीत नाही," मी म्हटलं.

काकू आत आल्या. त्यांनी थाळी पायरीवर ठेवली आणि कुलुपाकडे बघितलं. मग माझ्याकडे. सकाळपासून माझे हात साबणाने चिरले होते, चहाची पावडर नखांत अडकली होती. काकूंनी माझा हात हातात घेऊन पालथा केला, सरळ केला.

"सकाळधरनं चा तूच करत हुतीस ना वर?"

मी मान हलवली. त्यांनी माझ्या हातातला टिफिन काढून घेतला, उघडला आणि एक तुकडा माझ्या हातावर ठेवला. मग दुसरा उचलला आणि जरा थांबून स्वतःच्या तोंडात घातला. नासक्या दुधाचा. मीही घातला. मऊ होता, मीठ बरोबर होतं, मिरचीही. मावशी म्हणायच्या, हे आपसूक उतरतं. आम्ही दोघी त्या कुलूपबंद दारासमोर पायरीवर बसलो, तोंडात घास धरून, आणि तो घास दोघींपैकी कुणालाच गिळता येत नव्हता.